दोन नावांचं घर

"घरात अजून कोण राहतं?" पॉलने विचारलं, आणि नेमक्या त्याच वेळी अक्का चहाचा ट्रे घेऊन टेबलापाशी आल्या.

पॉल म्हणजे तो मॉर्गेजवाला. पोरगेलासा गोरा, न सांगता बूट दारात काढून आलेला, म्हणून मला आवडला. आमच्या किचनच्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला होता. शेजारी आमचा क्षितिज बसला होता, दोन तासांवरच्या ब्रॅकनेलहून खास सुट्टी काढून आलेला. पुढच्या खोलीत पलंगावर आमचे हे, सुखदेव. बटण दाबलं की वरखाली होणारा हॉस्पिटलचा पलंग. स्ट्रोकनंतर यांची उजवी बाजू गेली, जीभ जडावली, डोकं मात्र शाबूत राहिलं. यांना सगळं ऐकू यावं म्हणून मधलं दार उघडंच ठेवलं होतं.

अक्कांनी पॉलपुढे कप ठेवला. साखर घालून, ढवळून. त्याला हवी की नको हे विचारायची पद्धत अक्कांकडे नाही.

"घे, पी. किती वाळलायस," त्या त्याला इंग्रजीत म्हणाल्या आणि दुसरा कप घेऊन भावाला पाजायला पुढच्या खोलीत गेल्या.

"या माझ्या नणंद," मी सांगितलं. "यांची मोठी बहीण. इथेच राहतात."

"कधीपासून?"

"घर घेतलं तेव्हापासून."

"भाडं देतात?"

मला हसू फुटलं. "भाडं? अरे बाबा, त्यांनी मला भाडं लावलं नाही हेच माझं नशीब!"

पॉल हसला नाही. त्याने काहीतरी टाइप केलं आणि मग सावकाश समजावून सांगितलं. घरावर कर्ज मिळेल, हप्ता भरायचा नाही, व्याज चढत राहील. आम्ही दोघं गेलो, किंवा कायमचे केअर-होममध्ये गेलो, की घर विकून बँक आपले पैसे घेणार. म्हणजे आपण राहत असतानाच भिंती थोड्या थोड्या विकत जायच्या, एवढं मला कळलं. आणि घरात तिसरं कुणी मोठं माणूस राहत असेल, तर त्याने आधीच लिहून द्यायचं की तशी वेळ आली तर मी निघून जाईन, माझा काही हक्क नाही.

"आत्याचं नाव पण घाला ना मग," क्षितिज म्हणाला.

"दोनच नावं चालतात," पॉल म्हणाला. "कागदावर तुमच्या आईवडिलांची आहेत. तिसरं घेता येत नाही."

क्षितिज माझ्याकडे वळला. "आई, इट्स जस्ट अ फॉर्म. आत्याचा सही पाहिजे, बस."

आमच्या पोराचं मराठी असलं. सही बाई का बाप्या हे त्याला आयुष्यात कळलेलं नाही. पण त्या दिवशी त्याला हसायला मी तयार नव्हते. अक्कांना ऐकू कमी येतं, त्यांना काही कळलं नसणार. यांनी मात्र ऐकलं होतं. मी वाकून पाहिलं तर अक्का चमच्याने चहा पाजत होत्या आणि हे तोंड मिटून बसले होते.

अक्कांचं नाव रंभाबाई. पण त्या नावाने हाक मारणारं आता जगात कुणी उरलेलं नाही. लग्न झालं आणि दीड वर्षात नवरा गेला. सासरच्यांनी नागपूरला माहेरी आणून सोडलं, तर या बाईने नर्सिंगसाठी अर्ज केला आणि थेट इथे बर्मिंगहॅम गाठलं. त्या काळात, एकटीने. मग धाकट्या भावाला बोलावून घेतलं, आपल्याच हॉस्पिटलात पेशंटची ने-आण करणारा पोर्टर म्हणून चिकटवलं, त्याचं लग्नही जमवलं. मला बघायला त्याच आल्या होत्या, हे आलेच नव्हते. म्हणजे मला पसंत केली ती नवऱ्याने नाही, नणंदेने.

घर घेताना डिपॉझिटमध्ये अक्कांचेच पैसे जास्त होते. नंतरही कितीतरी हप्ते त्यांच्या पगारातून गेले. पण कागदावर नावं चढली ती आम्हा नवरा-बायकोची. यांनी तेव्हा विचारलं होतं त्यांना. अक्का म्हणाल्या होत्या, "भावाच्या घराला बहिणीचं नाव कशाला लागतं रे? माझं माहेर आहे ते." झालं, विषय संपला. आपल्यात असं लिहून मागत नाहीत. भावाकडे कागद मागितला म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं होतं.

माहेर त्यांचं आणि त्यात नांदायचं मी! ते कसं असतं हे मला विचारा. वरची पुढची मोठी खोली त्यांची, कारण पहिल्याच दिवशी दारात उभं राहून त्यांनी "ही माझी" म्हणून सांगितलं. किचन त्यांचं. मी शाळेत डिनर-लेडी होते, रोज शेकड्यांनी पोरं जेवू घालायचे, पण घरी आले की मला काही येत नसायचं. "कल्याणी, मोहरी तडतडू दे गं." "कल्याणी, कणीक सैल झाली." "कल्याणी, हे वरण आहे का आंघोळीचं पाणी?" क्षितिजला ताप आला की थर्मामीटर त्यांच्या हातात, आणि मी आपली बाजूला उभी. खोटं कशाला बोलू, कितीदा मनात आलं की हे घर एकदा तरी नुसतं माझं असावं. एक दिवस. एक दिवस तरी.

पण यांच्या आजारपणात त्या बाईने जे केलं ते मी विसरणार नाही. स्वतः ऐंशीच्या, गुडघे गेलेले, तरी चादरीला धरून भावाला कुशीवर वळवायच्या. पाठीवर एक व्रण येऊ दिला नाही. घरी तपासायला येणारी नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, हे असं चालणार नाही, एक दिवस दोघंही पडतील. क्षितिजने मग विषय काढला की त्याच्या घराजवळ आजारी म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून घेणारं एक चांगलं नर्सिंग होम आहे. यांनी डावा हात उचलून डोळ्यांवर घेतला. आणि अक्का कडाडल्या, "माझा भाऊ कुठेही जाणार नाही. पुन्हा बोललास तर बघ."

मग उरलं काय? खाली बाथरूम बांधायची, दारं रुंद करायची, सकाळ-संध्याकाळ माणूस ठेवायचा. आमच्या दोन पेन्शनांत ते बसणार नव्हतं. घर तेवढं होतं आमच्याकडे.

अक्कांना सांगायचं काम माझ्यावर आलं. हे सांगू शकत नव्हते आणि क्षितिजच्या मराठीत असली गोष्ट सांगायची म्हणजे अनर्थच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा मी म्हटलं, "अक्का, त्या कर्जाला तुमची सही लागतेय."

"माझी कशाला?"

"म्हणजे आम्ही दोघं गेल्यावर ते घर विकणार. तेव्हा घरात कुणी असलं तर त्यांनी निघायचं. असं लिहून द्यायचंय."

त्या पानं खुडत राहिल्या. "कुणी म्हणजे मी."

"हो. पण ती नुसती फॉर्मॅलिटी आहे हो. तुमचं वय बघता..." मी जीभ चावली.

"बोल की! वय बघता मी आधी मरणार." त्या चक्क हसल्या. "आणि नाही मेले तर?"

"क्षितिज आहे ना."

"क्षितिजकडे दोन दिवस राहते तर तिसऱ्या दिवशी मला वेड लागतं. त्याच्या घरात चप्पलसुद्धा आवाज न करता ठेवावी लागते." त्यांनी मूठभर देठं बाजूला सारली. "सुखदेव घरी राहील ना?"

"राहील."

"मग सही कुठे करायची ते सांग."

इतकंच. मी रात्रभर काय काय उत्तरं घोकून ठेवली होती, एकही लागलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी मेथीत त्यांना आवडतो तसा भरपूर लसूण घातला.

अक्कांना सॉलिसिटर वेगळी होती. तो नियमच आहे. ज्याचा हक्क जाणार त्याने एकट्याने वकिलाशी बोलायचं, म्हणजे घरच्यांनी दटावलं असेल तर कळतं. आम्ही अकरा नंबरच्या बसने गेलो. मला बाहेर खुर्चीवर बसवलं आणि अक्का आत गेल्या. पण अक्कांना ऐकू येत नाही, म्हणून त्या ओरडून बोलतात आणि समोरच्यालाही ओरडावं लागतं. मधली भिंत पातळ होती. मला बाहेर शब्दन् शब्द ऐकू येत होता. रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा माझी नजर चुकवत होती.

"यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजलं का?"

"समजलं. तेवढं इंग्लिश येतं मला. मी नर्स होते."

"तुम्हाला कुणी सही करायला भाग पाडलं?"

"मला?" अक्का मोठ्यांदा हसल्या. "बाहेर माझी भावजय बसलीय. आमच्या घरात कोण कुणाला भाग पाडतं ते तिला विचारा."

मग त्या बाईने विचारलं, "या घरासाठी तुम्ही कधी पैसे दिले होते का? डिपॉझिट, मॉर्गेज, काहीही?"

मी खुर्चीत पुढे सरकले. पॉलने आम्हाला बजावलं होतं की अक्कांचा पैसा घरात आहे असं निघालं तर कर्ज अडकेल. अक्कांनाही मी ते सांगितलं होतं, पण त्यांच्या तोंडाचा काय भरवसा? माझ्या डोळ्यांपुढे तो नर्सिंग होमचा कॉरिडॉर आला आणि तिथे खुर्चीत बसवलेले हे.

"मी भावाला दिले," अक्का म्हणाल्या. "घराला नाही दिले."

"म्हणजे भेट म्हणून?"

"भावाला दिलेल्याला आमच्यात भेट म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत."

"मला इथे काहीतरी लिहावं लागेल, मॅडम."

"मग भेट लिहा."

"आणि या घरावर तुमचा काही हक्क आहे असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही," अक्का म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "नाही. लिहा."

बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीचाच होता. कोटाची बटणं लावत म्हणाल्या, "चल गं, ज्वारीचं पीठ संपलंय. सोहो रोडला उतरू." आणि दुकानात पीठ जुनं आहे म्हणून त्या माणसाशी भांडल्याही. मी म्हटलं, सुटलो बाई. निभावलं सगळं.

आणि मग आम्ही ती साडी आणली.

कल्पना यांची. मी घरी येऊन सगळं सांगितलं, तर यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं तरी थांबेना. खूप वेळाने एकेक शब्द जुळवत म्हणाले, "अक्काला... साडी... आण. चांगली."

मलाही पटलं. मी एकटी जाऊन आणली. हाताला जड लागेल अशी, राखाडी अंगाची, डाळिंबी काठाची. दुकानदाराने चार दाखवल्या त्यातली सगळ्यात महाग. सोबत फॉलसुद्धा लावून घेतला. आयुष्यात माझ्या आईला नेली नसेल अशी साडी मी नणंदेसाठी घेतली, आणि घेताना मला बरं वाटत होतं. मनापासून बरं वाटत होतं.

रविवारी बुद्धवंदना झाल्यावर यांनी ती डाव्या हाताने अक्कांपुढे धरली.

"हे काय रे? कशाबद्दल?" अक्का खूश झाल्या होत्या.

"असंच," मी म्हटलं.

पण हे सरळ माणूस. "सही... केलीस," हे म्हणाले. "म्हणून."

अक्कांचा हात साडीवर होता तसाच राहिला. आणि मला एकदम आठवलं. आईशप्पथ सांगते, तोवर डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

सासरे गेल्यावर नागपूरच्या घराचं हक्कसोडपत्र झालं होतं. आपल्याकडे रीतच आहे ती. बहिणींनी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन बापाच्या घरावरचा हक्क सोडायचा आणि भावाने त्यांना साडी नेसवायची, की बहीण कायमची परकी झाली. थोरल्या दिरांनी तसंच केलं होतं. अक्का त्यासाठी इथून तिकीट काढून गेल्या होत्या. परत आल्यावर कितीतरी वर्षं ती गोष्ट रंगवून सांगायच्या. "घरातला वाटा दिला आणि काय मिळालं? साडी! ती पण बिनफॉलची!" सगळे हसायचे. आणि शेवटी त्या म्हणायच्या, "माझा सुखदेव नाही हो तसा."

अक्कांनी साडीची घडी उघडली. काठ उलटा करून बोटाने चाचपला.

"फॉल लावलाय," त्या म्हणाल्या. "छान आहे साडी."

भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, साडी छातीशी धरली आणि वर निघून गेल्या. जिन्यात मध्ये एकदा थांबल्या. गुडघ्यामुळे थांबल्या असतील असं मी मनाला सांगितलं.

"अहो, काय करून बसलो आपण!" मी म्हटलं.

यांना कळलंच होतं. वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. "माझी... माया होती गं," हे म्हणाले. मला माहीत होतं. माझीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनमध्ये होते. दारावर टकटक झाली. किचनच्या दारावर! अक्का उंबऱ्यापाशी उभ्या होत्या.

"कल्याणी, चहा टाकू का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "टाका की! आज एवढी रीतभात?"

त्यांनी चहा टाकला. कप विसळून जागेवर ठेवला. दुपारी पुन्हा आल्या. "हीटिंग लावलं तर चालेल का गं?" संध्याकाळी, "मी टीव्ही बघू का थोडा वेळ?" दोन-तीन दिवसांनी तर म्हणाल्या, "तू वरच्या पुढच्या खोलीत ये ना झोपायला. मला मागची पुष्कळ आहे." रागात म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. आमची भांडणं काय कमी झाली आहेत? पण राग नव्हता. दुसऱ्याच्या घरी राहणारं समजूतदार माणूस बोलेल तशा बोलत होत्या.

शेवटी मीच चिडले. "अक्का, पुरे झालं आता! तो कागद तिकडे राहिला. साडीचं चुकलं आमचं, पाया पडते तुमच्या. पण हे घर तुमचं आहे."

"तसं म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "मी वकिलासमोर माझ्या तोंडाने नाही म्हणून आलेय. आता हो कसं म्हणू?"

"ते कर्जासाठी होतं हो!"

"तेव्हा मलाही तसंच वाटलं," अक्का म्हणाल्या. आणि माझा हात थोपटला. "साडी छान आहे गं. खरंच छान आहे."

पैसे आले. खाली बाथरूम झाली, दारं रुंद झाली. सकाळ-संध्याकाळ एक मुलगी येते, यांना आंघोळ घालते. हे घरीच आहेत, आपल्या खिडकीतून रस्ता बघतात. क्षितिज फोनवर म्हणतो, "सी, आई? ऑल सॉर्टेड." खरंच आहे त्याचं. जे हवं होतं ते सगळं मिळालं. किचनही मिळालं मला. आता माझ्या फोडणीला कुणी नाव ठेवत नाही. कणीक सैल झाली तर झाली. माझ्याच घरात मला इतकं एकटं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

काल मी मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. अगदी कणभरसुद्धा नाही. म्हटलं, आता तरी ओरडतील. ओरडल्या की मीही ओरडेन, चांगली कडकडून भांडू, आणि होईल सगळं पहिल्यासारखं.

यांच्या पलंगापाशीच तिघांची पानं वाढली. यांना अक्कांनीच पहिला घास भरवला. यांनी तोंड वाकडं केलं. "मीठ..." हे म्हणाले. "मीठ... नाही."

मी अक्कांकडे बघत होते. बोला, म्हटलं मनात. बोला हो.

त्यांनी वरणभात कालवला, एक घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मीठ समोरच होतं, हाताच्या अंतरावर. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"असू दे रे," त्या भावाला म्हणाल्या. "छान झालंय."

पानातलं सगळं संपवलं. यांचं तोंड पुसलं. आपलं ताट उचलून किचनच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"कल्याणी, धुऊन ठेवू का?"

"ठेवा," मी म्हटलं. त्या माझ्या हो म्हणण्याचीच वाट बघत उभ्या होत्या.